पंडितेचा दुसरा जन्म

नाताळ हा जन्माचा सण आहे. बेथलेहेमच्या गोठ्यात झालेल्या एका जन्माचे स्मरण आज ख्रिस्ती घरांतून आणि मंदिरांतून होत आहे. परंतु ख्रिस्ताच्या शिकवणुकीत आणखी एका जन्माला मोठे स्थान आहे, आणि तो ज्याचा त्याचा स्वतःचा जन्म आहे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाच्या एका परुश्याची कथा येते. धर्मशास्त्रात पारंगत, यहुद्यांचा अधिकारी आणि लोकांचा गुरू असलेला हा मनुष्य एका रात्री येशूकडे आला. येशूने त्याच्या विद्वत्तेची विचारपूस केली नाही. नव्याने जन्मल्यावाचून देवाचे राज्य दृष्टीस पडावयाचे नाही, असे त्याला सांगितले. म्हाताऱ्या माणसाने पुन्हा मातेच्या उदरात कसे शिरावे, अशी शंका त्या शास्त्र्याने काढली. येथे मरणानंतरचा पुनर्जन्म अभिप्रेत नाही. याच देहात, याच आयुष्यात ईश्वरी आत्म्याच्या योगाने माणसाचे अंतःकरण नवे होणे, असा त्या शिकवणुकीचा आशय आहे.

धर्माचे ज्ञान आणि हा नवा जन्म यांत किती अंतर असू शकते, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले होते. त्या मातेने पहाटेच्या वेळी मुलीला श्लोक सांगावे आणि मुलीने ते मुखोद्गत करावे, असा क्रम असे. उपनयनाने पुरुषाला दुसरा जन्म मिळतो, तो द्विज होतो. स्त्रीला मात्र तो अधिकार नाही, हे शास्त्रवचन ऐकतच ही बुद्धिमती कन्या वाढली. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हे कुटुंब हिंडत असे. पुढे दुष्काळ पडला. दानधर्म, उपास आणि अनुष्ठाने करून होते नव्हते ते द्रव्य संपले आणि अन्नावाचून आई, वडील व थोरली बहीण दगावली. उरलेली भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, हजारो मैल पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली.

तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेद दिला. विद्येचा असा सन्मान त्या काळी क्वचितच एखाद्या स्त्रीच्या वाट्यास आला असेल. तथापि, दुष्काळात न मिळालेल्या उत्तराचा सल मनात तसाच राहिला. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला; पण १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही निवर्तले. कडेवर अवघी काही महिन्यांची मनोरमा होती. पतीच्या ग्रंथसंग्रहात रमाबाईंना लूकचे शुभवर्तमान बंगाली भाषेत सापडले होते. ख्रिस्ताशी त्यांची ओळख झाली ती अशी, एका पुस्तकातून.

पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनी पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना आश्रय देत असत. ते पाहून, आणि शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेले संभाषण वाचून, रमाबाईंचे मन हेलावले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

सामान्यतः धर्मांतराची कथा येथे संपते. रमाबाईंच्या बाबतीत ती येथे संपली नाही. नव्या धर्माचाही त्यांनी शास्त्र्याच्या बुद्धीने अभ्यास केला. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्तसभेचा अधिकार, निरनिराळ्या पंथांतील भेद यांवर त्यांनी वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून निकराचा वाद केला. इंग्लंडमधून त्या १८८६ साली अमेरिकेस गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या दुःखांवर १८८७ साली इंग्रजी पुस्तक लिहिले आणि स्वदेशी परतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. ज्ञान होते, सत्कृत्य होते, कीर्तीही होती. तरीही अंतरी शांती नव्हती.

आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, असे त्यांनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात मान्य केले. त्या काळात हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. कॉर्नवॉलमधील हा गृहस्थ वर्षानुवर्षे उपदेश करीत होता, आणि एके दिवशी व्यासपीठावर प्रवचन करीत असतानाच त्याचा स्वतःचा पालट झाला. दुसऱ्यांना वाट दाखविणाराच वाट चुकलेला असू शकतो, हे त्या वृत्तान्तातून रमाबाईंना उमगले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ साली, त्यांनी तर्काचा हट्ट सोडला आणि आपण रिक्तहस्त आहोत असे मानून ख्रिस्ताला शरण गेल्या. मुलीच्या जातीला नाकारलेला दुसरा जन्म त्यांना असा लाभला. त्याला विधी लागला नाही, की अधिकारही लागला नाही.

या जन्माचे मोलही त्यांना द्यावे लागले. शारदा सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, असे ठरले होते. रमाबाईंच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार मात्र उघडे असे आणि काही मुली तेथे येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ साली सल्लागार मंडळातील मान्यवरांनी संबंध सोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने मुली सोपविणाऱ्या पालकांची व्यथा खोटी नव्हती. आणि आपली प्रार्थना लपविणे रमाबाईंनाही शक्य नव्हते.

पुढे १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून त्यांनी शेकडो निराधार मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. स्वतः अन्नावाचून वणवण केलेली ती मुलगी आता त्यांची आई झाली. या मुलींसाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृतच्या जोरावर ‘सरस्वती’ ठरलेल्या या विदुषीने त्यात जाणूनबुजून संस्कृतप्रचुर शब्द टाळले आणि खेड्यातील बाईला समजेल अशी साधी मराठी योजिली. अंतरात झालेल्या पालटाचा याहून बोलका पुरावा कोणता? १९२१ साली मनोरमा गेली. त्या दुःखातही काम चालू राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबलची छपाई त्यानंतर पूर्ण झाली.

निकदेमाची कथाही त्या रात्रीपाशी संपत नाही. येशूला क्रुसावर दिल्यावर, शिष्य पांगले असता, गंधरस आणि अगरू घेऊन त्याच्या देहाला मूठमाती देण्यास हा शास्त्री उघडपणे पुढे आला. त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर त्याने शब्दांत दिल्याचे शुभवर्तमानात कोठे नाही. रमाबाईंनीही आपले उत्तर केडगावच्या माळावर, टाकलेल्या मुलींच्या सेवेत दिले. धर्म कोणताही असो, तो जाणणारे पुष्कळ असतात. जाणलेले जगू लागणे हा वेगळा जन्म आहे. आजच्या जन्मोत्सवात त्या दुसऱ्या जन्माचेही स्मरण व्हावे.