बालसेविका ताराबाई मोडक

विद्यार्थिमित्रहो, आम्ही नवशिके शिक्षक असताना एका मुलास रोज उशिरा येण्याबद्दल वर्गाबाहेर उभे करीत असू. आठ-दहा दिवस हा क्रम चालला. पुढे समजले की, त्याची आई पहाटेच कामास जाई आणि धाकट्या बहिणीस शेजारी सोपवून मगच त्यास निघता येई. शिक्षा भोगूनही तो वेळेवर येऊ शकत नव्हता. त्या दिवशी आमची आम्हांसच लाज वाटली. पुढे ताराबाई मोडक यांचे चरित्र वाचनात आले, तेव्हा आमचे चुकले कोठे हे उमगले. म्हणून ते चरित्र येथे थोडक्यात सांगत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शाळेत जावे हेच ज्या काळी अनेकांस रुचत नसे, त्या काळी, १९१४ साली, ताराबाईंनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळविली. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. तथापि त्या खचल्या नाहीत. राजकोट येथे स्त्रीशिक्षिकांच्या अध्यापन महाविद्यालयात त्यांनी प्राचार्यपद भूषविले आणि १९२३ साली ते मानाचे पद सोडून भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या दाखल झाल्या.

त्या बालमंदिरात इटलीच्या विदुषी डॉ. माँटेसरी यांच्या पद्धतीने शिक्षण दिले जाई. या पद्धतीत छडीस स्थान नाही, तसेच बक्षिसाच्या लालुचीसही नाही. मूल मनाजोगत्या कामात रमले की खोड्या करण्यास त्यास सवडच उरत नाही. शिस्त बाहेरून लादावी लागत नाही, ती आतून उगवते, असे हे तत्त्व आहे. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९३६ साली दादर येथे ताराबाईंनी शिशुविहार ही संस्था काढली.

ज्या ठाणे जिल्ह्यात आपले बदलापूर गाव आहे, त्याच जिल्ह्याच्या उत्तर टोकास तेव्हा समुद्रकाठचे बोर्डी गाव होते. २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ साली, ताराबाई मुंबई सोडून तेथे गेल्या. अनुताई वाघ त्यांस तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, परंतु गरिबांच्या वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांस स्वच्छ करावे, गाणी-गोष्टी सांगाव्या, खडे, पाने, शिंपले घेऊन मोजणी शिकवावी, असा तेथील क्रम असे. हीच अंगणवाडी होय.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखण्यास कुरणात जात आणि मुली घरी धाकट्या भावंडांस सांभाळीत. अशा मुलांस आळशी व उनाड म्हणणे सोपे होते. ताराबाईंनी मात्र मूल का येत नाही याचा शोध घेतला. गुरे सोडता येत नाहीत ना? मग शिक्षकाने कुरणात जावे, म्हणून कुरणशाळा निघाली. धाकटे भावंड सोडता येत नाही ना? मग त्यासही घेऊन यावे, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आली. तिचे नाव विकासवाडी.

१९६२ साली सरकारने त्यांस पद्मभूषण हा सन्मान दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. १९७५ साली देशभर बालविकासाची सरकारी योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपल्या गल्लीतील अंगणवाडीवरून जाताना त्या माउलीचे स्मरण करावे.

२००९ च्या कायद्याने शाळेतून छडी गेली. परंतु टोचून बोलणे, चारचौघांत पाणउतारा करणे हे केवळ कायद्याने कसे जाणार? आम्ही शिक्षकांनी शिक्षेपूर्वी कारण विचारावे. पालकांनी घरची अडचण शाळेपासून लपवू नये. आणि मुलांनो, उशिरा येणाऱ्या सोबत्यास हसण्याऐवजी त्याचा राहिलेला धडा त्यास उतरवून द्यावा. त्या वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाचे ऋण आम्हांवर अद्याप आहे. ते फेडण्याचा याहून दुसरा मार्ग आम्हांस ठाऊक नाही.