आगबोटींचे अभियंते आर्देशिर करसेटजी वाडिया

तापीच्या काठी वसलेल्या आपल्या सुरत शहराची कीर्ती जरीकाम, रेशीम व हिरे यांमुळे दूरवर पसरलेली आहे. परंतु एके काळी येथील सुतार सागवानाची समुद्रगामी जहाजे बांधीत असत, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या ध्यानात नसते. सुतारांच्या अशाच एका पारशी मुकादमास, लवजी नसरवानजी यांस, ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ साली सुरतेहून मुंबईस नेले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ मुंबईची गोदी याच घराण्याच्या हाती होती. जहाजे बांधणारे म्हणून ते वाडिया झाले. त्यांनी १८१७ साली बांधलेली ट्रिंकोमाली ही लढाऊ नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते.

या घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत आर्देशिर करसेटजी यांचा जन्म झाला. चौदा वर्षांच्या वयातच ते वडिलांबरोबर गोदीत जाऊ लागले. घरातील सर्वांचे लक्ष शिडाच्या जहाजांकडे होते. या मुलाचे मन मात्र वाफेच्या यंत्राकडे ओढ घेई. शिडाच्या जहाजाला इंधन लागत नाही, वारा फुकटचा! आगबोटीला मात्र मैलामैलाचे मोल द्यावे लागते. हे मोल किती, याचा धडा मुंबईस १८३० साली मिळाला.

वाडियांनीच बांधलेली ह्यू लिंडसे ही ४११ टनांची आगबोट त्या वर्षी २० मार्चला मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्यात ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे होती. कोळसा ठेवण्याची जागा मात्र जेमतेम साडेपाच दिवसांपुरती, आणि एडनचा पहिला टप्पा तर सुमारे अकरा दिवसांचा! तेव्हा उतारूंच्या खोल्यांतसुद्धा कोळसा भरण्यात आला. त्या भाराने बोट पाण्यात नेहमीपेक्षा खोल बसली व तिची वल्ह्यांची चाके प्रमाणाबाहेर बुडाली. जास्त कोळसा घ्यावा तर बोट जड होते, जड झाली की कोळसा जास्त जळतो. असा हा पेच होता. सोळाशेंवर मैल कापून बोट एडनला पोहोचली, तेव्हा तिच्यात अवघा सहा तासांचा कोळसा उरला होता. वाटेत वारा उलटला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

वाचकांपैकी ज्यांना गणिताची गोडी असेल त्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा. त्या काळच्या यंत्राला अश्वशक्तीमागे तासाला आठ पौंड कोळसा लागे, असे गृहीत धरू. मग १६० अश्वशक्तीला तासाला १,२८० पौंड, दिवसाला पावणेचौदा टन व अकरा दिवसांत सुमारे १५० टन कोळसा लागेल. म्हणजे एका टनात सुमारे अकरा मैल! शिवाय हा कोळसा इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजांनी आणावा लागे; वाटेवरच्या बंदरांत तो आधी पोहोचवून ठेवावा लागे. आगबोटीचे इंधन शिडावर चालत येत होते, ही गंमतच म्हणावयाची.

धुराचा हिशेब मात्र त्या काळी कोणी मांडीत नसे. कार्बनचे १२ भाग प्राणवायूच्या ३२ भागांशी मिळून ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होतो. कोळशात तीन चतुर्थांश कार्बन धरला, तर १५० टनांपासून चारशे टनांवर हा वायू हवेत गेला असला पाहिजे. वाहनांचा ताफा बाळगणारे आज हीच रीत वापरतात. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो वायू, असे त्यांचे कोष्टक असते.

आर्देशिर त्या वेळी एकवीस वर्षांचे होते. १८३३ साली त्यांनी इंडस या ६० टनांच्या बोटीत वाफेचे यंत्र बसविले. पुढच्याच वर्षी माझगाव येथील आपला बंगला व बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून दाखविली. पण पुस्तके वाचून व छोटी यंत्रे करून भागणार नाही, हे ओळखून १८३९ साली त्यांनी सुएझमार्गे इंग्लंड गाठले. तेथील कारखाने त्यांनी बारकाईने पाहिले व प्रवासाची रोजनिशी १८४० साली छापून प्रसिद्ध केली. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांस सदस्य करून घेतले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. दुसरे श्रीनिवास रामानुजन, तेही १९१८ साली!

याच सुमारास कंपनीने त्यांना मुंबईच्या आगबोटींच्या कारखान्याचे प्रमुख अभियंता व यंत्रनिरीक्षक नेमले. एका भारतीयाच्या हाताखाली गोऱ्या कारागिरांनी काम करावयाचे, ही गोष्ट त्या काळी अनेकांना रुचली नाही. वृत्तपत्रांतूनही कुरकुर झाली. आर्देशिर यांचे उत्तर कारखान्यातच होते. आगबोटींच्या बाष्पकात तेव्हा समुद्राचेच पाणी वापरीत. त्यातील मिठाची खपली आतून धरली की आच पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही. खपली धरू नये म्हणून खारे कढत पाणी वरचेवर सोडून द्यावे, तर त्याबरोबर उष्णताही वाया जाते. दोहींकडून नुकसान कोळशाचेच. बाष्पक व यंत्र सुस्थितीत ठेवणारा अभियंताच कंपनीच्या खजिन्याचा खरा राखणदार होता, असे मला वाटते. सोळा वर्षे हा भार त्यांनी वाहिला.

मधल्या काळात, १८४९ साली, त्यांनी अमेरिकेची सफर केली. १८५१ साली स्वतः बांधलेली आगबोट त्यांनी पाण्यात लोटली व तिचे नाव लवजी फॅमिली असे ठेवले. सुरतेच्या त्या मुकादमाचे नाव वाफेच्या युगात असे पुन्हा समुद्रावर आले.

१८५७ साली ते निवृत्त झाले खरे, पण स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८६१ साली सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीवर चालणाऱ्या आगबोटींच्या कंपनीत त्यांनी पुन्हा अभियंत्याचे काम पत्करले. समुद्रावर आयुष्य घालविलेल्या या गृहस्थापुढे आता गाळाची, पात्र बदलणारी नदी होती. उथळ पाण्यात बोट फार खोल बसून चालत नाही, म्हणून इंधनाचा भारही तोलूनमापूनच घ्यावा लागे. दोन वर्षांनी ते इंग्लंडला गेले व रिचमंड येथे स्थायिक झाले. तेथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी त्यांचे देहावसान झाले. भारत सरकारने १९६९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.