बाण काढणारा प्राणिशास्त्रज्ञ

उन्हाळ्यात आइस्क्रीमचा खप वाढतो आणि पाण्याचे टँकरही वाढतात. म्हणून काही आइस्क्रीममुळे टँकर येत नाहीत. दोन्हींचे कारण ऊन. गुंतलेली कारणे सोडवून मोजण्याची रीत ज्यांनी घालून दिली, ते स्युअल राइट मुळात प्राणिशास्त्रज्ञ. जन्म १८८९ चा, अमेरिकेतला. १९१५ पासून ते तिथल्या कृषी खात्यात गिनीपिगांचा अभ्यास करीत.

पिल्लांच्या अंगावरचे पांढरे डाग कमीजास्त का? राइट यांनी कागदावर आनुवंशिकता, परिस्थिती आणि वाढीतले योगायोग मांडले, प्रत्येकापासून पिल्लाकडे बाण काढला आणि नातलग प्राण्यांमधल्या साम्याच्या आकड्यांवरून प्रत्येक बाणाचे बळ ठरवले. १९२० मध्ये निष्कर्ष छापून आला. मिश्र कळपात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ४२ टक्के. पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींच्या संकरातून वाढवलेल्या कुळात जेमतेम ३!

१९२२ मध्ये हेन्री नाइल्स यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. आकड्यांतून कारणे निघतातच कशी, हा त्यांचा आक्षेप. राइट यांचे म्हणणे साधे होते : बाण आकड्यांतून निघत नाहीत; ते विषयाच्या जाणकारीतून काढायचे आणि आकड्यांवर पारखायचे.

समाजशास्त्राला हे पटायला १९६६ उजाडले. ते काम डंकन यांनी केले. पुढे स्वीडनच्या योरेस्कोग यांनी बुद्धिमत्तेसारख्या थेट न मोजता येणाऱ्या गोष्टीही या आकृतीत बसवल्या. तेच आजचे संरचनात्मक समीकरणांचे शास्त्र.

राइट १९८८ मध्ये, ९८ व्या वर्षी वारले. आता संगणक क्षणात हिशेब करतो. बाण कुठून कुठे काढायचा, हे मात्र शिकणाऱ्यानेच ठरवायचे असते.