डॉ. पर्सी ज्युलियन आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या लोकांना तो अर्पण केला. त्या मुक्त झालेल्या गुलामांच्या नातवंडांपैकी एकाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत. योगायोग असा की, जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७चा, तर पर्सी लॅव्हॉन ज्युलियन यांचा ११ एप्रिल १८९९चा.

ज्युलियन यांचा जन्म अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात झाला. वडील रेल्वेच्या टपालखात्यात कारकून होते, आई शिक्षिका होती. आजोबा जन्माने गुलाम. गुलामाने अक्षर गिरवणे हा त्या काळी अपराध होता आणि तो अपराध केला म्हणून आजोबांच्या हाताची दोन बोटे छाटण्यात आली होती, असे घरात सांगितले जाई. त्याच घरातील सहाही भावंडे पुढे महाविद्यालयात शिकली. आम्हाला या कुटुंबाचे खरे वैभव यातच दिसते.

माँटगोमेरीत कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीपुढे सरकारी माध्यमिक शाळा नव्हती. ज्युलियन शिक्षक तयार करणाऱ्या एका शाळेत शिकले आणि १९१६ साली इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल गावी डिपॉ विद्यापीठात दाखल झाले. निरोप द्यायला आजोबा स्टेशनवर आले होते. गाडी सुटल्यावर बोटे नसलेला तो हात हलताना दिसत राहिला, ही आठवण ज्युलियन पुढे आयुष्यभर सांगत असत.

डिपॉमध्ये प्रवेश मिळाला, परंतु वसतिगृहात नाही. गावात खोली मिळाली, तर तिथे जेवण मिळेना. कृष्णवर्णीय माणसाला पानावर वाढणारी जागा शोधण्यात पहिले काही दिवस गेले. ज्यांनी वसतिगृहाच्या पंगतीत बसून शिक्षण घेतले आहे, त्यांना या उपासाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. अखेर गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका निवासात भट्टी पेटवण्याचे आणि टेबलावर वाढण्याचे काम करून माळ्यावर झोपण्याची सोय त्यांनी मिळवली. शाळेत शिकायचे राहून गेलेले विषय आणि महाविद्यालयाचे वर्ग हे दोन्ही त्यांना सुरुवातीला एकाच वेळी पेलावे लागले. १९२० साली ते पदवीधर झाले, तेव्हा वर्गात पहिले होते.

याच काळात विल्यम ब्लँचर्ड या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांना जवळ केले. मात्र पदवीनंतर बरोबरीच्या मुलांना मोठ्या विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या मिळाल्या, ज्युलियन यांना नाही. उच्च पदवी घेऊन या मुलाला नोकरी कोण देणार, मग शिकवून उपयोग काय, असा त्या विद्यापीठांचा हिशेब होता. ते टेनेसीतील फिस्क विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिकवू लागले. पुढे हार्वर्डमध्ये १९२३ साली एम.ए. झाले, पण गोरी मुले कृष्णवर्णीय शिक्षकाकडून शिकणार नाहीत या भीतीने तिथले अध्यापनाचे काम त्यांना नाकारले गेले आणि पीएच.डी. राहिली. ती त्यांनी १९३१ साली ऑस्ट्रियात, व्हिएन्ना येथे, अर्न्स्ट श्पेट यांच्या हाताखाली पूर्ण केली. वनस्पतींतील अल्कलॉइड हा श्पेट यांचा विषय, आणि तोच शिष्याचाही झाला.

१९३२ साली ज्युलियन अडचणीत असताना ब्लँचर्ड यांनी त्यांना पुन्हा डिपॉत बोलावले. जागा कायम प्राध्यापकाची नव्हती आणि पैशाचा काही भार रोझेनवाल्ड निधीने उचलला होता. व्हिएन्नातील सहाध्यायी योझेफ पिकल हेही बरोबर आले. डिपॉ हे पदवीपर्यंतच्या शिक्षणाचे गाव. पीएच.डी.चे विद्यार्थी तिथे नव्हते, आणि संशोधन म्हणजे पदव्युत्तर लोकांचे काम असा सर्वत्र समज होता. ज्युलियन यांच्यापुढे हाताशी होती ती वीस-एकवीस वर्षांची, पदवीच्या शेवटच्या वर्षातील मुले. त्यांनी त्या मुलांनाच संशोधनाला घेतले.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. वर्गातील प्रयोगात उत्तर आधीच पुस्तकात छापलेले असते. विद्यार्थ्याचे उत्तर चुकले तर गुण जातात, इतकेच. संशोधनात उत्तर कोणालाच माहीत नसते, शिक्षकालाही नाही. पदार्थ तयार करायचा, तो वारंवार स्फटिकरूपात आणून शुद्ध करायचा, काचेच्या बारीक नळीत भरून तो कोणत्या तापमानाला वितळतो ते पाहायचे, आणि आकडा जुळला नाही तर चूक हाताची की कल्पनेची याचा शोध घ्यायचा. असे काम शेजारी उभे राहून शिकवावे लागते. ज्युलियन यांच्या विद्यार्थ्यांनी याच कामावर पदवीचे प्रबंध लिहिले. त्यांतील काही काम अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि ज्युलियन यांच्या नावाशेजारी पदवीच्या विद्यार्थ्यांची नावे लेखक म्हणून छापली गेली. हे विद्यार्थी गोरे होते, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. हार्वर्डची भीती खोटी होती, याचा पुरावा एका लहान गावातील प्रयोगशाळेने असा दिला.

मुख्य प्रश्न होता फायसोस्टिग्मिनचा. पश्चिम आफ्रिकेतील कॅलाबार वेलीच्या बीमध्ये हे अल्कलॉइड असते. काचबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यातील वाढलेला दाब त्याने उतरतो. ते प्रयोगशाळेत पायरीपायरीने घडवण्याच्या मागे ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सनही होते. रॉबिन्सन म्हणजे त्या शास्त्रातील जगन्मान्य नाव, पुढे १९४७ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांनी वाटेतील एसेरेथोल हा पदार्थ मिळवल्याचे प्रसिद्ध केले. ज्युलियन व पिकल यांच्या हाती आलेला पदार्थ मात्र त्याहून निराळा होता. दोघांपैकी एक चुकत होता. ज्युलियन यांनी रॉबिन्सन यांचे निष्कर्ष चुकीचे असल्याचे छापील लिहिले. ही गोष्ट सोपी नव्हती. पायाखाली कायम नोकरी नाही, त्वचा काळी, आणि समोर ऑक्सफर्ड. ते चुकले असते तर पुन्हा कोणी उभे केले नसते, अशी धास्ती त्यांच्या हितचिंतकांनाही होती. नैसर्गिक बीपासून मिळवलेला आणि स्वतः घडवलेला पदार्थ त्यांनी शेजारी ठेवून तपासले, द्रवणांक जुळले. १९३५ साली फायसोस्टिग्मिनचे संपूर्ण संश्लेषण सिद्ध झाले आणि ज्युलियन बरोबर ठरले.

यानंतर तरी विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद द्यायला हवे होते. ब्लँचर्ड यांची तशी इच्छा होती, पण वर्ण आडवा आला. विस्कॉन्सिनमधील ॲपलटन येथे एक संस्था त्यांना घ्यायला तयार झाली, तर कृष्णवर्णीय माणसाने रात्री मुक्काम करू नये असा त्या गावचा जुना नियम निघाला. १९३६ साली शिकागोच्या ग्लिडन कंपनीने त्यांना सोयाबीन विभागाच्या संशोधनाचे प्रमुख नेमले आणि डिपॉतील शिकवणे संपले. चार वर्षे, एवढाच तो काळ. आम्हाला राहून राहून वाटते की, यात हानी ज्युलियन यांच्यापेक्षा त्यांच्यानंतर त्या वर्गांत येऊन बसलेल्या मुलांची अधिक झाली.

कंपनीतील कामगिरी सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. कॅलाबार बीच्या तेलात डिपॉत असतानाच त्यांना स्टिग्मास्टेरॉलचे पांढरे स्फटिक आढळले होते. १९४०च्या सुमारास सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरून पांढरा गाळ बसला, तेव्हा कामगारांना तेल नासले असे वाटले. ज्युलियन यांनी तो गाळ ओळखला. त्यापासून प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरके मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली. सांधेदुखीवरील कॉर्टिसोन स्वस्त होण्यासही त्यांच्या कामाचा हातभार लागला. सोयाबीनच्या प्रथिनापासून केलेला फेस दुसऱ्या महायुद्धात आगी विझवण्यासाठी वापरला गेला.

कीर्ती झाली म्हणून जाच थांबला नाही. शिकागोजवळच्या ओक पार्क या वस्तीत त्यांनी घर घेतले, तेव्हा १९५० साली राहायला जाण्याआधीच ते पेटवून देण्याचा प्रयत्न झाला आणि पुढच्या वर्षी घरावर डायनामाइट फेकण्यात आले. पत्नी ॲना या समाजशास्त्राच्या पीएच.डी. होत्या. त्या दोघांनी ते घर सोडले नाही.

१९५०च्या दशकात ज्युलियन यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९६१ साली ती विकली. १९७३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले. तो मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ. १९ एप्रिल १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

१९८० साली डिपॉ विद्यापीठाने आपल्या विज्ञान व गणिताच्या इमारतीला पर्सी ज्युलियन यांचे नाव दिले. जिथे त्यांना वसतिगृहात खोली मिळाली नव्हती, तिथे पदवीची मुले आता त्यांच्या नावाच्या इमारतीत रसायनशास्त्राचे प्रयोग करतात.