सावित्रीबाईंची अखेरची सेवा

यंदा सावित्रीबाई फुले जयंतीला बोलण्यासाठी मी भाषण लिहिले. स्वतःच्या जिवाला जपणारा सेवक कसला, असे एक वाक्य त्यात मोठ्या अभिमानाने घातले होते. माझी ताई बारामतीला परिचारिका आहे. सुट्टीत इंदापूरला घरी आली असता तिने भाषण वाचले आणि नेमक्या त्याच वाक्याखाली रेघ मारली. म्हणून ते चरित्र मी पुन्हा वाचावयास घेतले.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, नायगावचा. १८४८ साली जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेथे त्या शिकवू लागल्या. लोकांनी अंगावर टाकलेले शेण आणि दगड त्यांनी सोसले, पण शाळा सोडली नाही. १८९० साली जोतीराव गेले. पुढे १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला व लवकरच पुणेही त्याच्या तावडीत सापडले. दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. जागा मुद्दाम गावाबाहेरची, मोकळ्या हवेची. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोचविले. त्यांनाही प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पुढे १९०५ साली यशवंतही प्लेगलाच बळी पडले.

प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता. पण उंदरावरील पिसू तो पसरविते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखविले ते १८९८ साली. सावित्रीबाईंना ते कळणार कोठून?

त्याच १८९७ साली जर्मनीत किलियन या डॉक्टराने एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत नळी घालून अडकलेले हाड काढले. आजची ब्रॉन्कोस्कोपी ती हीच. ताई सांगते, या तपासणीत रोगी खोकतो व बारीक तुषार जवळच्यांच्या तोंडावर येतात. म्हणून कोरोनात थांबण्याजोगी तपासणी पुढे ढकलीत; करावीच लागली तर खोलीत मोजकी माणसे, एन-९५ मास्क, चष्मा, झगा, हातमोजे, आणि आतली हवा बाहेर खेचण्याची सोय. एकदा रोगी तळमळत असता ताई झगा चढवीत होती, तेव्हा नातेवाइकांनी तिला भित्री म्हटले. तो शब्द तिला अजून सलतो. पण ती आजारी पडती, तर पुढच्या रोग्यांजवळ कोण उभे राहिले असते?

मग मला उमगले. सावित्रीबाईंनी जीव उधळला नाही. त्या काळी जेवढे ठाऊक होते, तेवढी काळजी त्या मायलेकांनी घेतली. उरलेले धैर्याने निभावले. आपल्याला अधिक ठाऊक आहे, म्हणून आपली जबाबदारीही अधिक.

मी ते वाक्य खोडले. भाषणाला टाळ्या थोड्या कमीच पडल्या. ताईने मात्र ते दोनदा वाचले.