पंडिता रमाबाई : चौपाटी ते केडगाव

आपल्या गिरगावच्या चौपाटीला इतिहासाची आठवण निघाली की लोकमान्यांचे नाव प्रथम येते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच चौपाटीजवळ दिनांक 11 मार्च 1889 रोजी एका विधवा बाईने विधवांसाठी शाळा व वसतिगृह उघडले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्या भगिनींना ठाऊक असेल. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई, आणि ते घर म्हणजे शारदा सदन. केडगावचे मुक्ती मिशन पुढे ज्या कार्यातून उभे राहिले, त्याची सुरुवात येथे झाली. म्हणून मंडळाच्या या स्मरणिकेत त्यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकावे, या मतापायी त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. त्यांनी आधी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणाऱ्या या कुटुंबाला दुष्काळाने गाठले. 1874 साली आईवडील दोघेही उपासमारीने खंगून गेले. उरलेली भावंडे अनवाणी, अर्धपोटी भारतभर हिंडली. 1878 साली रमाबाई बंधू श्रीनिवास यांच्यासह कलकत्त्यास पोचल्या, तेव्हा तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पुढची दोन-चार वर्षे सुखदुःखांनी एकच गर्दी केली. 1880 साली बंधू गेले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातिबाह्य विवाह केला. 1881 साली कन्या मनोरमा जन्मली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. चोवीस वर्षांच्या वयात तान्ही मुलगी कडेवर घेऊन त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षिका तयार करण्याची मागणी केली.

1883 साली वैद्यक शिकण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि महाराष्ट्रात एकच खळबळ उडाली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्यांनी त्यांना बाप्तिस्मा दिला, त्यांच्याही आज्ञेत रमाबाई राहिल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांचे मत पडले, तेव्हा त्यांनी ते सरळ नाकारले. चर्चच्या मतांपैकी मनाला पटेल तेवढेच त्या मानीत. शास्त्रांना प्रश्न विचारणारी बाई पाद्र्यांनाही प्रश्न विचारीत राहिली.

1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या अमेरिकेत गेल्या. तेथे गावोगावी व्याख्याने देऊन त्यांनी येथील विधवांची स्थिती सांगितली. 1887 साली बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाने मंडळ निघाले आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले. त्या बळावर त्या मुंबईस परतल्या व शारदा सदन निघाले. उद्घाटनाला अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी या बालविधवा होत्या. याच गोदूबाईंचा विवाह पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. तारीखही योगायोगाने 11 मार्चच, साल 1893. आपण त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतो.

1890 च्या अखेरीस सदन पुण्यास हलले. तेथे ज्याला त्याला आपापला धर्म पाळण्याची मोकळीक होती. सोवळ्याओवळ्याचीही सोय होती. धर्म शिकवायचा नाही, असा नियम होता. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. 1893 साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

या वादात कोणा एकाच बाजूला खोटे म्हणणे न्यायाचे होणार नाही. निराधार मुलगी ज्या घरी अन्न खाते, त्या घरच्या श्रद्धेचा पगडा तिच्यावर बसतो, ही पालकांची भीती पोकळ नव्हती. परंतु काढून नेलेल्या त्या मुलींसाठी दुसरे घर तेव्हा कोठे होते, हाही प्रश्न तेवढाच खरा आहे. त्याचे उत्तर कर्वे यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढून दिले. जिचा वाद झाला त्या संस्थेचीच एक विद्यार्थिनी त्या आश्रमाच्या कार्यात खपली, हे विसरता कामा नये.

रमाबाईंची खरी कसोटी पुढे लागली. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणची भूक त्या विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तेथे गेल्या आणि पुढील काही महिन्यांत सुमारे तीनशे मुली व बायका आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. म्हणून सदनाला उत्पन्न व्हावे यासाठी केडगावला घेतलेल्या शंभरेक एकर जमिनीवर या मुलींना नेले. तेच मुक्ती सदन. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांचा संसार नुसत्या देणग्यांवर चालत नाही. मुक्तीत विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे ठेवली. मुली विणकाम, शिवणकाम, स्वयंपाक आणि छापखान्याचे काम शिकल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. म्हाताऱ्या व अंध बायकांचीही निराळी सोय झाली. हे मिशन कोणत्याही एका पंथाच्या ताब्यात नव्हते. ते प्रार्थनेवर, मित्रांच्या मदतीवर आणि बायकांच्या श्रमावर चाले.

वयाची पन्नाशी जवळ आली असता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत बायबल आणावे, हा त्यांचा ध्यास होता. मुक्तीच्या छापखान्यात बायकांच्या हातांनी त्याची छपाई झाली. पूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर आला, पण तो पाहण्यास त्या राहिल्या नव्हत्या. कामाचा भार जिच्यावर सोपवायचा ती मनोरमा 1921 च्या जुलैमध्ये गेली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे. रमाबाईंची श्रद्धा आपल्यातील बहुतेकींची नाही, आणि त्यांचे सर्वच करणे आपल्याला पटले पाहिजे असेही नाही. परंतु दारी आलेल्या बाईला जेवण, अक्षर आणि हाताला काम, या तीन गोष्टी एकत्र दिल्या पाहिजेत, हे त्यांनी करून दाखवले. आपल्या मंडळाचे शिवणवर्ग आणि वाचनवर्ग याच वाटेवरचे आहेत. वर्धापनदिनी त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.