जरीच्या कारखान्यातला नट

स्तानिस्लाव्हस्की हे नाव आपल्या कॉलेजात ऐकू येतं ते फार तर नाटकाच्या ग्रुपमध्ये, आणि तिथेही बहुतेक वेळा चेष्टेतच. मी त्याच ग्रुपमधला. त्यामुळे हा कोणीतरी दाढीवाला, गूढ बोलणारा, ध्यान लावायला सांगणारा रशियन बाबा असणार अशी माझी पक्की समजूत होती. त्याचं चरित्र वाचायला घेतलं आणि सुरुवातीलाच थबकलो. दाढी नव्हतीच, पण त्याहून मोठा धक्का म्हणजे हा माणूस चक्क कारखानदार होता! म्हणजे आपल्यातलाच की!

त्याचं खरं नाव कॉन्स्तान्तिन सर्गेयेविच अलेक्सेयेव. जन्म १७ जानेवारी १८६३, मॉस्को. घराण्याचा कारखाना सोन्याचांदीच्या तारेचा. आपल्या पैठणीत असते तशी जर तिथे तयार व्हायची. वायर ड्रॉइंग आपण शिकलोय: तार एका डायमधून खेचायची, मग त्याहून बारीक डायमधून, मग आणखी बारीक. एका झटक्यात ओढलीत तर तुटते. या गड्याने पुढे अभिनयाचंही नेमकं हेच केलं असं मला वाटतं.

वडील हौशी. १८७७ साली त्यांनी ल्युबिमोव्का इथल्या आपल्या वाडीवर घरच्या मंडळींसाठी चक्क नाट्यगृह उभारलं. कॉन्स्तान्तिन तेव्हा १४ वर्षांचा. तेव्हापासून त्याने एक वही ठेवली. आज प्रयोगात काय जमलं, काय फसलं, आवाज कुठे चढला, हात कुठे उगाच हलले, सगळी नोंद. आपण जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री पूर्ण करतो. याने आपलं जर्नल जन्मभर लिहिलं. दिवसा कारखाना, संध्याकाळी नाटक. प्रतिष्ठित घरातल्या मुलाने असल्यातसल्या नाटकांत दिसणं बरं नव्हे, म्हणून ऐन विशीत त्याने स्तानिस्लाव्हस्की हे टोपणनाव घेतलं. तेच जगभर राहिलं.

१८९७ च्या जूनमध्ये नाटककार नेमिरोव्हिच-दान्चेन्को याने त्याला मॉस्कोतल्या एका हॉटेलात भेटायला बोलावलं. दुपारी २ ला सुरू झालेली ही बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला संपली, तीही ल्युबिमोव्काला. सलग १८ तास! (आपल्या मेसच्या कट्ट्यावरच्या गप्पाही इतक्या चालत नाहीत.) त्यातून मॉस्को आर्ट थिएटर जन्माला आलं. तालमी झाल्या त्या पुश्किनो गावातल्या एका कोठारात. डिसेंबर १८९८ मध्ये त्यांनी चेखव्हचं ‘सीगल’ केलं. दोनच वर्षांपूर्वी पीटर्सबर्गमध्ये हे नाटक सणकून आपटलं होतं. इथे ते असं उभं राहिलं की तो समुद्रपक्षी या थिएटरचं बोधचिन्हच होऊन बसला.

इथवर गोष्ट यशाची. मला महत्त्वाची वाटते ती पुढची. १९०६ साली युरोपचा दौरा गाजवून तो फिनलंडला विश्रांतीला गेला. नाव, पैसा, टाळ्या सगळं होतं. आणि तिथे समुद्रकाठी बसल्या बसल्या त्याच्या लक्षात आलं की आपण आतून रिकामे झालो आहोत. इब्सेनच्या नाटकातला डॉक्टर स्टॉकमन ही त्याची लाडकी भूमिका. सुरुवातीला तिची चाल, बोटांची हालचाल आपोआप यायची. आता चाल तीच, बोटं तीच, पण आत काहीच हलत नव्हतं. प्रेक्षकांना पत्ता नव्हता. त्याला होता. बस्स, तो त्याच प्रश्नामागे लागला: एखाद्या रात्री अभिनय जिवंत होतो आणि दुसऱ्या रात्री मरतो, असं का?

आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं. दैवी देणगी! ती असली तर आहे, नसली तर नाही. विषय संपला. स्तानिस्लाव्हस्कीला हे पटलं नाही. प्रेरणा हुकमी आणता येत नाही हे त्याने मान्य केलं, पण ती यावी अशी परिस्थिती तरी तयार करता येईल ना? त्यातून त्याची ‘सिस्टिम’ घडत गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर न्युमेरिकलमध्ये आधी ‘गिव्हन’ लिहितो तसं. हे पात्र कोण, कुठून आलं, बाहेर थंडी आहे का, खिशात पैसे किती, आत्ता त्याला नेमकं काय हवंय? आणि मग कळीचा शब्द: जर. जर मी या परिस्थितीत असतो, तर काय केलं असतं? घरचा धंदा जरीचा आणि पद्धतीचा पाया ‘जर’! हा योगायोग मात्र फक्त मराठीतच जमतो.

त्याच्या पुस्तकातला एक प्रसंग मला फार आवडतो. पुस्तक एका विद्यार्थ्याच्या डायरीसारखं लिहिलंय. मास्तर वर्गातल्या मारियाला सांगतात की पडद्याच्या चुणीत एक ब्रोच अडकवलाय, तो शोध. तो मिळाला तरच तुझी फी भरता येईल. ती धावत येते, डोकं धरते, पडदे हलवते, तळमळते. सगळ्यांना दाखवते की आपण किती दुःखी आहोत. मास्तर विचारतात, ब्रोच कुठाय? तो शोधायचा राहूनच गेलेला! मग ते शांतपणे सांगतात की तो मिळाला नाही तर उद्यापासून वर्गात यायचं नाही. आता मारिया खरंच शोधू लागते, चुणी चुणी तपासते, आणि बघणाऱ्यांचे श्वास अडकतात. आम्ही हा प्रयोग हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये करून पाहिला. रडण्याचा अभिनय करणाऱ्याकडे कोणी बघेना, आणि मुकाट्याने किल्ली शोधणाऱ्यावरून कोणाची नजर हटेना.

हे शोधताना त्याने कमी किंमत मोजली नाही. त्याचे जुने सहकारी या व्यायामांना हसायचे. १९१७ साली एका नाटकात त्याची भूमिका तालमी चालू असताना खुद्द नेमिरोव्हिचने काढून घेतली. त्यानंतर त्याने नवी भूमिका घेतलीच नाही. क्रांतीत कारखाना गेला. २९ ऑक्टोबर १९२८ ला, थिएटरच्या तिसाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात, ‘थ्री सिस्टर्स’ करताना त्याला रंगमंचावरच हृदयविकाराचा झटका आला. अंक पुरा करूनच तो खाली बसला. नट म्हणून तो शेवटचा दिवस.

आणि आता कमाल बघा. आजारपणात घरीच तालमी घेताना या माणसाने स्वतःचीच थिअरी पुन्हा तपासायला घेतली. पूर्वी तो नटाला स्वतःच्या जुन्या आठवणी उकरून भावना जागवायला सांगायचा. आता म्हणू लागला की भावनेच्या मागे धावू नका. आधी शरीराने साधी, खरी कृती करा, भावना मागून येईल. गंमत म्हणजे १९२२ ते १९२४ च्या दौऱ्यानंतर अमेरिकेत रुजली होती ती त्याची जुनी पद्धत. १९३४ मध्ये स्टेला ॲडलर ही अमेरिकन नटी पॅरिसमध्ये त्याला भेटली, काही आठवडे शिकली आणि परत जाऊन आपल्याच मंडळींशी भांडली. लोक त्याच्या जुन्या वहीला पोथी करून बसले होते, आणि तो पुढचं पान लिहीत होता.

शेवटची एक गोष्ट. मेयरहोल्ड हा त्याचा जुना नट १९०२ मध्येच त्याला सोडून गेला आणि त्याच्या नेमकं उलट नाटक करू लागला. जानेवारी १९३८ मध्ये स्टालिनच्या राजवटीने मेयरहोल्डचं थिएटर बंद केलं. सगळे त्याला टाळू लागले. स्तानिस्लाव्हस्कीचं थिएटर तर सरकारने आदर्श ठरवलेलं. गप्प बसला असता तरी चाललं असतं. त्याने मेयरहोल्डला आपल्या ऑपेरा थिएटरमध्ये काम दिलं. ७ ऑगस्ट १९३८ ला स्तानिस्लाव्हस्की गेला. पुढच्याच वर्षी मेयरहोल्डला अटक झाली, आणि फेब्रुवारी १९४० मध्ये गोळ्या घातल्या गेल्या.

के. नारायण काळे यांनी स्तानिस्लाव्हस्कीचं अभिनयावरचं लेखन मराठीत आणलंय. नाटकवाल्यांनी ते वाचावंच. पण ज्याला नाटकाचा गंध नाही आणि ज्याला आपल्यात टॅलेंटच नाही असं वाटतं, त्याने आधी वाचावं. मी यातून एवढंच घेतलंय: वही रोज लिहायची, आणि ती आपल्याच विरुद्ध गेली तरी पान फाडायचं नाही.